मात्साकचा घोडा आणि ओनिकचा फ्रिज

आर्मेनियातल्या आमच्या लेनिनाकानमध्ये एकेकाळी अशी कुजबुज होती, की मोज्यांच्या कारखान्यातल्या मात्साकने शहराच्या अजिंक्यपदाचा शेवटचा डाव एका फ्रिजच्या बदल्यात विकला. कुजबुज म्हणायची आपली पद्धत. माहीत सगळ्या गावाला होतं. फक्त मात्साक जवळ आला की आवाज खाली यायचा आणि लोक वाऱ्यावर बोलू लागायचे, आज किती सुटलाय म्हणून. वारा आमच्याकडे रोजच सुटलेला असतो, त्यामुळे विषय बदलायला कधी अडचण पडली नाही.

ती कुजबुज मी पसरवलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो. पसरवणाऱ्यांना मी फक्त तपशील पुरवले. फ्रिज कोणत्या वारी आला, जिन्याच्या कोणत्या वळणावर अडकला, दाराची चौकट किती खरवडली, एवढंच. हे मला ठाऊक होतं, कारण तो उचलून वर नेणाऱ्या चौघांत मी एक होतो.

मात्साक कारखान्यात फिटर होता. मोजे विणायचं यंत्र बिघडलं की त्याला बोलवायचं. तो यायचा, यंत्रासमोर स्टूल टाकून बसायचा आणि हात मांडीवर ठेवून नुसता बघायचा. पाच मिनिटं, दहा मिनिटं. बाया वैतागायच्या. ‘वस्ताद, यंत्राला मागणी घालताय का?’ मग तो उठून एकच स्क्रू अर्धा फिरवायचा आणि यंत्र वर्षभर बिघडायचं नाही. आमच्या गावात टोपणनाव आजोबाला मिळतं आणि नातवापर्यंत पुरतं. मात्साकच्या घराण्याचं नाव ‘तिखट’ होतं. याने ते आपल्या वागण्याने मोडीत काढलं आणि स्वतःच्या हिमतीवर ‘कुलूप’ हे नवं नाव कमावलं.

लग्नाचंही तसंच. दर रविवारी हा आरुस्याकच्या घरी जायचा, तिच्या वडिलांशी एक डाव खेळून तो बरोबरीत सोडवायचा, कॉफी प्यायचा, टोपी घालून परत. अशी तीन वर्षं गेली. चौथ्या वर्षी आरुस्याकने दारात त्याची टोपी धरून ठेवली.

‘मात्साक, तू इथे येतोस कोणासाठी? बाबांसाठी येत असशील तर तसं सांग, मी दुसरीकडे बघते.’

‘स्थिती पक्की करतोय,’ मात्साक म्हणाला.

‘झाली पक्की. आता चाल कर.’

हे संभाषण मी ऐकलेलं नाही. आरुस्याकने स्वतः टपाल कचेरीतल्या पार्सलच्या खिडकीतून इतक्या जणांना सांगितलं, की ते आता गावाच्या मालकीचं आहे.

बुद्धिबळात आमच्या बागेत दोन पक्ष होते. एक दगडवाल्यांचा, एक वारेवाल्यांचा. दगडवाले म्हणायचे, पटावर जे टिकतं ते मिळवा. समोरच्याचं एखादं प्यादं एकटं पडलंय? ते उद्याही एकटंच राहणार. एखादं घर असं आहे, जिथे बसलेल्या तुमच्या घोड्याला हुसकावायला त्याच्याकडे प्यादंच उरलेलं नाही? मग बसवा तिथे घोडा आणि सिगारेट पेटवा, घाई कसली. वारेवाले म्हणायचे, उद्याचं कोणी पाहिलंय? आत्ता त्याचा राजा उघडा आहे, आत्ता त्याचे हत्ती कोपऱ्यात झोपलेत. दोन चालींत ते जागे होतील. तेव्हा प्यादं द्या, उंट द्या, लागलं तर हत्ती द्या, पण मारायचं ते आत्ता. या दोन पक्षांत सोयरीक जमायची नाही असं मी म्हणणार नाही, पण लग्नात वऱ्हाडी वेगवेगळ्या टेबलांवर बसलेले मी पाहिलेत. आमच्यातलाच एक आर्मेनियन तेव्हा सहा वर्षं जगज्जेता राहून नुकता उतरला होता. तो दगडवाल्यांना जवळचा, त्यामुळे त्यांची मान अजून ताठच होती.

मात्साक दगडवाल्यांचा नुसता सभासद नव्हता, त्यांचा गुरू होता. कारखान्याच्या क्लबात जिन्याला लागून एक लांबट खोली होती. तिथे दर सोमवारी आणि गुरुवारी, पाळी सुटल्यावर, तो वर्ग घ्यायचा. तेवीस वर्षं. विणकाम खात्यातल्या बाया, भट्टीवरचे गडी, दोन लेखनिक, एक दाढीवाला निवृत्त भूगोल मास्तर, असे पंधरा-सोळा जण. शिकवण्याची रीत ठरलेली. पटावर स्थिती मांडायची आणि सांगायचं, ‘हातांवर बसा.’ सगळे आपापले तळहात मांडीखाली घालून बसायचे. पाच मिनिटं कोणी सोंगटीला हात लावायचा नाही. मग तो एकेकाला विचारायचा, ‘यातलं काय टिकणार आहे?’ आणि प्रत्येकाच्या वहीत पहिल्या पानावर एक वाक्य असायचं, त्याने सांगून लिहून घेतलेलं: चांगला बसलेला घोडा उठवायचा नाही.

सोंगट्या मांडण्यापासून ते त्या डब्यात भरण्यापर्यंत त्या खोलीत तो बोलायचा, हसायचा, क्वचित गाणंही गुणगुणायचा. घरी असा माणूस आपल्याला कधी मिळाला नाही, असं आरुस्याकचं म्हणणं. ‘सोमवार-गुरुवारी मी त्या खोलीत राहायला जाते,’ ती म्हणायची, ‘निदान नवरा तरी भेटेल.’

एकाहत्तर साली क्लबावर नवा व्यवस्थापक आला, गुर्गेन नावाचा. त्याला बिलियर्डचं वेड. त्याने खोली पावलांनी मोजली, एकदा उभी, एकदा आडवी, आणि मात्साकला बोलावून घेतलं. मी कारखान्याच्या रंग खात्यातला, तिथे रंगाचे नमुने दाखवायला गेलो होतो. जरा लवकर गेलो होतो म्हणा.

‘मात्साक जान, तुमच्या खोलीत दोन टेबलं छान बसतात.’

‘कसली टेबलं?’

‘बिलियर्डची. तरुण पोरांना काहीतरी हलतं-बोलतं पाहिजे. तुमच्याकडे माणसं हातांवर बसून असतात. परवा दार उघडून पाहिलं, मला वाटलं दातांच्या डॉक्टरकडे आलोय.’

‘शिकतायत ती.’

‘शिकून काय आणलं? तेवीस वर्षांत एक कप दाखवा.’ गुर्गेन वाईट माणूस नव्हता, त्याने वाट ठेवली. ‘असं करू. पुढच्या महिन्यात शहराची स्पर्धा आपल्याच सभागृहात आहे. अजिंक्यपद आपल्या क्लबात आणा, खोली तुमची. नाही आणलं, तर टेबलं येणार.’

मात्साक सत्तेचाळीस वर्षांचा होता आणि शहराच्या स्पर्धेत तो बारा वेळा खेळला होता. बारा वेळा तिसरा किंवा चौथा. हरायचा क्वचित, जिंकायचा त्याहून क्वचित. आता त्याला पहिला यायचं होतं. तो पहिला येईल असं त्याच्या वर्गालाही वाटत नव्हतं, पण तो डावामागून डाव पुढे सरकत राहिला आणि शेवटच्या फेरीला असं चित्र झालं, की रेल्वे डेपोतला विलेन अर्ध्या गुणाने पुढे, त्याच्यामागे मात्साक, आणि शेवटचा डाव या दोघांतच. विलेनला बरोबरी पुरे होती. मात्साकला जिंकायलाच हवं होतं.

विलेन चोवीस वर्षांचा, वारेवाल्यांचा लाडका. त्याला ‘काडेपेटी’ म्हणायचे. याच्या डावात दहाव्या चालीपर्यंत काही पेटलं नाही, तर लोक पैसे परत मागतील असं वाटायचं, जरी प्रवेश फुकट असला तरी. त्याचा मामा ओनिक. शहराच्या घरगुती सामानाच्या गोदामावरचा मोठा माणूस. शिवणयंत्रं, इस्त्र्या, फ्रिज सगळं त्याच्या दारातून बाहेर पडायचं. हे नाव लक्षात राहू द्या, गावाने लगेच ठेवलं होतं.

त्या डावाला मी मंचावर होतो. खेळणाऱ्यांच्या टेबलामागे भिंतीवर माणसाच्या उंचीचा लाकडी पट टांगलेला असायचा. टेबलावर चाल झाली की लांब काठीच्या आकड्याने वरची सोंगटी हलवायची, म्हणजे खालच्या तीनशे माणसांना डाव दिसावा. ते काम माझं. तीनशे माणसं म्हटली, पण बायका-माणसं दारापर्यंत उभी होती. रविवारची दुपार, सूर्यफुलाच्या बिया, आणि त्या फोडण्याचा असा बारीक कडकडाट की पावसाला लाज वाटावी.

विलेन काळ्याकडून खेळत होता. आठव्या चालीला त्याने एक प्यादं दिलं. चौदाव्याला दुसरं. वारेवाल्यांच्या रांगेत कोपरं लागली एकमेकांना. मात्साकने पहिलं घेतलं, दुसरं घेतलं, मग एक शांतपणे परत केलं, आणि एकोणिसाव्या चालीला पटाच्या मधोमध, पाचव्या ओळीत, आपला घोडा नेऊन बसवला. त्याला हुसकावेल असं एकही काळं प्यादं उरलं नव्हतं. दगडवाल्यांच्या रांगेतून असा निश्वास आला, जसा पहिला घास गिळल्यावर येतो. भूगोल मास्तराने दोन्ही हात मांडीखाली घातले.

त्यानंतर आठ-नऊ चाली घोडा बसून राहिला आणि त्याच्याभोवती डाव हळूहळू मात्साककडे कलला. हत्ती तिसऱ्या ओळीत आला. वजीर काळ्या राजाच्या बाजूला गेला. तिकडे वजीर कशाला गेला, ते मात्साकलाच ठाऊक. बहुतेक तिथून त्याला एक कमजोर प्यादं नजरेत ठेवायचं होतं. विलेनला हे मुरत घातल्यासारखं हरणं सोसेना. अठ्ठाविसाव्या चालीला त्याने आपला वजीर पटाच्या दुसऱ्या टोकाला नेला आणि एक प्यादं खाल्लं.

आणि सभागृहात एकदम कोणीच बिया फोडेना.

मी काठी टेकवून उभा होतो. मला बुद्धिबळ येतं ते काठीपुरतं. पण मलाही दिसलं. तो बसलेला घोडा उचलायचा आणि काळ्या राजाच्या तोंडासमोर शह देऊन टाकून द्यायचा. राजाच्या अंगावरचं प्यादं त्याला खाणार. खाल्लं की राजापुढचं दार सताड उघडं. तिसऱ्या ओळीतला हत्ती बाजूला सरकून शह देणार, वजीर आत जाणार, मात. फार तर पाच चाली. दाराशी उभ्या असलेल्या, सभागृहात चहा-फराळ विकणाऱ्या बुफेवालीने शेजारणीला सांगितलं, ‘घोडा गेला आता.’ तिलाही दिसलं. विलेनलाही तोवर दिसलं होतं. त्याचे कान आधी लाल आणि मग कागदासारखे झाले. तो उठला, पाण्याचा ग्लास भरला आणि न पिता तसाच टेबलावर ठेवून परत बसला.

मात्साक विचार करत होता. हात मांडीवर, नजर पटावर. दहा मिनिटं. वीस. पहिल्या रांगेत सेद्राक बसला होता, गावातला सर्वांत तिखट जिभेचा माणूस. तोही तोंडावर रुमाल धरून होता. गुर्गेन मागच्या दाराने आत येऊन भिंतीला टेकला. आरुस्याक चौथ्या रांगेत होती. तिला चाली कळत नसत, पण माणसांचे चेहरे कळत. ती नवऱ्याकडे बघत नव्हती, लोकांकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू उमटायला लागलं होतं.

एक्केचाळीस मिनिटांनी मात्साकने हात उचलला आणि आपल्या राजाशेजारचं प्यादं एक घर पुढे केलं.

मी काठी उचलायला विसरलो. पंचांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी ते प्यादं हलवलं. खालून एक आवाज आला, तीनशे माणसांचा मिळून एकच. तो मी पुन्हा कधी ऐकला नाही.

विलेनने मग वेळ घालवला नाही. त्याने हत्ती देऊन तो घोडाच उडवला, वजीर परत आणला आणि मात्साकच्या राजाला शहामागून शह द्यायला लागला. राजा इकडे, शह. राजा तिकडे, शह. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली तेव्हा पंचांनी घड्याळ थांबवलं. बरोबरी. विलेन शहराचा विजेता. मात्साकने त्याच्याशी हात मिळवला, सोंगट्या आपापल्या घरी मांडून ठेवल्या, टोपी घातली. सेद्राक दारातच होता.

‘कुलूप जान, घोड्याला नाल ठोकून ठेवला होता का रे पटाला?’

मात्साक त्याच्या बाजूने वाट काढून बाहेर पडला. गुर्गेनने त्याच आठवड्यात खोलीत बिलियर्डची दोन टेबलं आणली. खरंच छान बसली.

आणि डावानंतर नवव्या दिवशी, मंगळवारी, ओनिकच्या गोदामातून मात्साकच्या घरी फ्रिज आला.

आता तुम्हीच सांगा, गावाने काय करायचं? गावाने दोन अधिक दोन केले. जे बुफेवालीला दिसतं, जे काठीवाल्या सेरोबला, म्हणजे मला, दिसतं, ते कुलूप मात्साकला एक्केचाळीस मिनिटांत दिसत नाही? अशक्य. दिसलं म्हणजे मुद्दाम सोडलं. मुद्दाम सोडलं म्हणजे काहीतरी मिळालं. आणि मिळालं ते तर चौघांनी जिन्यावरून नेताना सगळ्या आळीने पाहिलं. एक्केचाळीस मिनिटं, सेद्राक म्हणायचा, तो चालीचा विचार करत नव्हता, फ्रिज स्वयंपाकघरात मावेल की बाहेर ठेवावा लागेल याचा करत होता.

आमच्याकडे या गोष्टीचा राग कोणाला फारसा आला नाही. जरा नाक मुरडलं, थोडं हसले. फ्रिजसाठी चार-चार वर्षं थांबलेली माणसं. त्यातल्या निम्म्यांनी मनात म्हटलं असेल, आपणही विकला असता.

खोली गेली, पण फ्रिज आल्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी मात्साकने वर्ग घ्यायचं ठरवलं. फिटर खात्याच्या खानावळीत, जेवणाची लांब टेबलं पुसून. मी मुद्दाम गेलो. कोण येतं ते बघायला. मात्साकने सहा पट मांडले होते आणि दाराकडे पाठ करून उभा होता. एवढी वर्षं त्याला ओळखत होतो, पण कोणाची तरी वाट बघताना त्याला मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं. आपण जे शिकवलं तेच चुकीचं निघालं असं वाटून वर्ग मोडेल, याची त्याला धास्ती होती. खोली नसली तरी माणूस टेबलावर शिकवू शकतो. शिकणारेच नसले तर काय करणार?

एकेक करून बारा जण आले. बसले. हात मांडीखाली घातले. कोणी कोणाकडे बघेना. शेवटी नवार्दने तोंड उघडलं. ही रंग खात्यात माझ्या शेजारी काम करायची. तिशीची, सरळ बोलणारी, वर्गात सर्वांत हुशार.

‘वस्ताद, रागवू नका. त्या रविवारी तो घोडा उचलायचा नव्हता का?’

मात्साक तिच्याकडे वळला. उत्तरासाठी त्याने तोंड उघडलंही. मी अगदी समोर होतो, मी पाहिलं. तेवढ्यात मागून भट्टीवरचा एक गडी म्हणाला,

‘अगं, उचलला असता तर ठेवला कुठे असता? फ्रिज तेव्हा आला नव्हता.’

सगळी खानावळ हसली. वाईट हसणं नव्हतं ते. त्यात थोडं कौतुकही होतं, आपला वस्ताद आपल्याला वाटला होता त्यापेक्षा पोचलेला निघाला, असं. नवार्दही हसली, आणि मान खाली घालून म्हणाली, ‘जाऊ दे. मला एवढंच हवं होतं, की तुम्हाला ती चाल दिसली होती.’

मात्साकचं तोंड मिटलं. मग तो म्हणाला, ‘पटावर जे दिसतं ते सगळं बोलायचं नसतं. हातांवर बसा.’

आणि बुजगावण्यासारखा उभा असलेला तो माणूस एकदम सैल झाला आणि शिकवायला लागला. त्या दिवशी तो गुणगुणलाही.

पण विलेनला गप्प बसवेना. अजिंक्यपद त्याचं, आणि लोक मामाचं अभिनंदन करत होते. दोन आठवड्यांनी तो मात्साकच्या घरी आला. मी तिथेच होतो. फ्रिजचं दार नीट लागत नव्हतं आणि मी ते बघायला आलो होतो, असं धरून चाला. विलेन खुर्चीवर टेकलाही नाही.

‘वस्ताद, तुमच्या तोंडून एकच वाक्य हवंय. बागेत, सगळ्यांसमोर.’

‘बस तर खरं. आरुस्याक, याला काहीतरी दे.’

आरुस्याकने फ्रिज उघडला आणि जर्दाळूचं गार सरबत काढून त्याच्यासमोर ठेवलं. मुद्दाम केलं की भाबडेपणाने, ते आजवर कळलेलं नाही. विलेन ग्लासकडे विंचवाकडे बघावं तसा बघत राहिला.

‘मी तुम्हाला विकत घेतलं असं म्हणतायत.’

‘तुला नाही म्हणत. तुझ्या मामाला म्हणतात. आणि मला.’

‘म्हणजे मी जिंकलो ते मामामुळे? तुम्ही सांगा की! घोड्याची चाल तुम्हाला दिसली नाही, एवढं सांगा. झालं, संपलं.’

‘तू हत्ती देऊन घोडा घेतलास ती चाल फार चांगली होती. घाबरलेला माणूस ती करत नाही.’

‘मी त्या चालीबद्दल बोलत नाहीये, त्याआधीच्या चालीबद्दल बोलतोय!’

‘त्याआधीची चाल माझी होती,’ मात्साक म्हणाला. ‘ती माझ्याकडेच राहू दे.’

विलेनचे कान पुन्हा लाल झाले. ‘तुम्हाला चोर म्हणवून घेणं चालतं, वस्ताद? खरंच?’

मात्साकने खिडकीतून बाहेर पाहिलं. खाली दोन बाया गालिचा झटकत होत्या. ‘परवाच्या गुरुवारी चौदा जण होते,’ तो म्हणाला. ‘त्यात दोन नवे.’

विलेनला यातून काही कळलं नाही. तो सरबत न पिता गेला. ते मी प्यायलो. पुढच्याच वर्षी तो येरेवानला गेला, तिथे बुद्धिबळाचा मास्टर झाला, आणि लेनिनाकानात लोक त्याच्याबद्दल काय बोलतात याची त्याला पर्वा उरली नाही. मामा ओनिकने तर कधी नाकारलंच नाही. आपल्या एका फ्रिजमध्ये शहराचं अजिंक्यपद मावतं, असं लोकांना वाटणं त्याला धंद्याच्या दृष्टीने बरं वाटत असावं.

वर्ग खानावळीत तेरा वर्षं चालला. पंधरा, वीस, कधी पंचवीस जण. त्यातून दोघी जणी शहराच्या विजेत्या झाल्या. त्यांतली एक नवार्द. तिच्या वहीतलं पहिल्या पानावरचं वाक्य तसंच होतं. तो शिकवायचाही तेच, टिकणारं काय ते बघा. एक मात्र झालं. हातांवर बसायची पाच मिनिटं संपली की आता तो दोन प्रश्न विचारायचा. दुसरा प्रश्न, ‘आणि यातलं काय फक्त आत्ताच आहे?’ हा प्रश्न तो स्वतः सोडवायचा नाही. वर्गाकडून उत्तर घ्यायचा, नीट ऐकायचा, आणि कधीकधी आपल्या वहीत लिहून ठेवायचा. वारेवाल्यांपैकीही काही जण मग यायला लागले. सेद्राकही आला, टिंगल करायला म्हणून, आणि चार वर्षं टिंगल करत राहिला.

मात्साक स्वतः शहराच्या स्पर्धेत पुन्हा उतरला नाही. विचारलं तर सेद्राकच परस्पर उत्तर द्यायचा: घरात दुसरा फ्रिज ठेवायला जागा नाही. मात्साक यावर हसायचा.

साठीला त्याने वर्ग नवार्दच्या हाती दिला. त्यानंतर तो रोज सकाळी बागेत यायचा, बाकावर बसून दोन्ही पक्षांचं भांडण ऐकायचा. एका एप्रिलमध्ये, अकराच्या सुमाराला, बाकावर आम्ही दोघेच होतो. मी त्याला एवढी वर्षं इतकं छळलं होतं, की आणखी एकदा विचारायला लाज वाटायचं कारण नव्हतं. मी विचारलं. त्याने एका दमात सांगितलं. वर्ग आता नवार्दचा होता, त्याच्या सांगण्याने आता तो मोडणार नव्हता. पुढच्या हिवाळ्यात तो गेला. त्याच्या मातीला इतकी माणसं होती, की बिलियर्डची टेबलं त्या दिवशी ओस पडली. गुर्गेन स्वतः आला होता.

त्याने सांगितलं ते असं. मात्साकने डाव विकला नव्हता. फ्रिजसाठी कारखान्याच्या यादीत त्याचं नाव चार वर्षं होतं आणि त्या मंगळवारी त्याचा नंबर लागला. एक्केचाळीस मिनिटं तो एवढाच विचार करत होता, की राजाशेजारचं प्यादं एक घर पुढे करावं की दोन. घोडा तिथून उठू शकतो, हे त्याच्या मनात आलंच नाही. सगळ्या सभागृहाला दिसलेली ती चाल त्याला दिसली नव्हती.